आदिस अबाबा ते जिबूती: राजधानीची समुद्राकडची वाट

इथिओपियाचा परदेशी व्यापार आज बहुतांशी शेजारच्या जिबूती या देशाच्या बंदरातून चालतो. आदिस अबाबा–जिबूती रेल्वेविषयी बोलणं निघालं की चिनी कर्जाचा विषय लगेच पुढे येतो. तो यायलाच हवा. पण या मार्गावर परक्याचा पैसा आणि परक्याचा शब्द हे काही नवीन नाही, रूळ पडायच्या आधीपासून ते चालत आलंय.

१८८६ मध्ये वसलेली आदिस अबाबा ही इथिओपियाची राजधानी २,३०० मीटरहून अधिक उंचीच्या पठारावर आहे. किनाऱ्याकडे माल न्यायचा तर उंट-खेचरांचे तांडे, आणि वाटेत आठवडेच्या आठवडे जायचे. सम्राट दुसरा मेनेलिक याने १८९४ मध्ये रेल्वेचा मक्ता दिला तो त्याचा स्विस सल्लागार, अभियंता आल्फ्रेड इल्ग आणि फ्रेंच व्यापारी लेऑन शेफ्नो यांना. १८९७ मध्ये काम सुरू झालं ते समुद्राच्या टोकाकडून. रूळ, इंजिनं, लोखंडी पूल सगळंच बोटीने येणार, मग दुसरीकडून सुरुवात कशी करणार? आणि जिबूती फ्रान्सच्या ताब्यात होतं. राजधानीच्या रेल्वेचं पहिलं टोक असं पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या हद्दीत राहिलं.

खरी कसोटी लागली ती हरारपाशी. तटबंदीचं हे जुनं व्यापारी शहर डोंगरात वसलेलं. गाडी तिथवर चढवायची तर खर्च आवाक्याबाहेर जात होता, म्हणून मार्ग डोंगराच्या पायथ्यानेच पुढे नेला. जिथे स्टेशन झालं तिथे दिरे दावा उभं राहिलं: आखीव रस्ते, रेल्वेचं वर्कशॉप, कामगारांच्या वसाहती. रेल्वेचा कारभार फ्रेंचमध्ये चाले, त्यामुळे कित्येक कामगारांच्या तोंडी ती भाषा रुळली. व्यापार हळूहळू खाली उतरला आणि हरारचं जुनं महत्त्व ओसरलं. मला या मार्गाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना वाटते. शतकानुशतकांचं शहर मागे पडलं, ते केवळ चढाच्या हिशेबामुळे.

१९०२ मध्ये गाडी दिरे दावापर्यंत आली आणि पैसा संपला. ब्रिटिश गुंतवणूकदार शिरले तसं फ्रान्स सावध झालं. १९०६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीने करार करून इथिओपियातली प्रभावक्षेत्रं आपसात ठरवली. कुठली रेल्वे कोणी बांधायची हेही त्यात आलं. ज्याचा देश, तो मेनेलिक मात्र या करारात पक्षकार नव्हता. जुनी कंपनी बुडाली, १९०८ मध्ये नव्या फ्रेंच-इथिओपियन कंपनीला मक्ता मिळाला आणि १९१७ मध्ये सुमारे ७८४ किलोमीटरचा मीटर गेज मार्ग आदिस अबाबाला पोहोचला. मेनेलिक १९१३ मध्येच वारला होता. आपल्या राजधानीत आलेली गाडी त्याला पाहायला मिळाली नाही.

२ मे १९३६ रोजी सम्राट हैले सेलासी याच मार्गाने राजधानी सोडून जिबूतीला गेला. तीनच दिवसांत इटलीचं सैन्य आदिस अबाबात शिरलं. पुढे सोमालियाशी झालेल्या १९७७-७८ च्या ओगादेन युद्धात मार्गाची मोडतोड झाली. १९८५ मध्ये आवाशजवळ गाडी रुळांवरून घसरून चारशेहून अधिक माणसं दगावली. रस्त्यावरच्या ट्रकांनी माल ओढून घेतला आणि देखभालीअभावी जुना मार्ग खंगत गेला.

नेमक्या याच काळात गरज मात्र वाढत होती. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाला किनारा उरला नाही. १९९८ मध्ये दोन्ही देशांत युद्ध पेटलं आणि त्यानंतर एरिट्रियातल्या आसाब बंदराचा रस्ताही बंद झाला. राहिलं फक्त जिबूती.

नवा मार्ग स्टँडर्ड गेजचा, म्हणजे जुन्या मीटर गेजपेक्षा रुंद रुळांचा, आणि विजेवर चालणारा. चिनी कंपन्यांनी तो बांधला, मोठा पैसा चीनच्या एक्झिम बँकेच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आयात-निर्यात बँकेच्या, कर्जातून आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिस अबाबात उद्घाटन झालं आणि जानेवारी २०१८ पासून व्यावसायिक वाहतूक सुरू झाली. त्याच वर्षी परतफेडीचा ताण एवढा वाढला, की दहा वर्षांत फेडायचं कर्ज तीस वर्षांवर न्यावं लागलं.

जुनं स्टेशन आदिस अबाबाच्या भर वस्तीत होतं, नवं शहराच्या कडेला, लेबू भागात. बंदरातून आलेला माल रेल्वेने दूरवर झपाट्याने येतो, पण शेवटच्या टप्प्यावर तो पुन्हा ट्रकवर चढवावा लागतो.