कितवा लागला?

जुन्या नाशकात, मेनरोडच्या मागच्या एका गल्लीत काष्ठौषधीचं दुकान आहे. लाकडी खणांवर शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या, गल्ल्याशेजारी लहानसा तराजू. मागच्या महिन्यात मी तिथे हिरडा घ्यायला उभी होते, तेव्हा एक सासू आणि सून आल्या. सासूबाईंच्या हातात यादी होती : शतावरी, जेष्ठमध, अळीव. दुकानदार काकांनी यादी बाजूला ठेवली आणि सुनेला विचारलं, "कितवा लागला?"

"तिसरा," सासूबाईच बोलल्या.

काकांनी शतावरीची पुडी बांधली. अळिवाचं म्हणाले, "ते बाळंत झाल्यावर न्या." जेष्ठमधाची कांडी खणातून काढली आणि पुन्हा आत ठेवली. "खोकला नाही ना? मग कशाला?"

गरोदरपणात झाडपाल्याचं औषध घ्यावं का, यावर हल्ली आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असं भांडण जुंपतं. नाशकात तर या दोन्ही शाखांच्या परीक्षा एकच विद्यापीठ घेतं : १९९८ साली स्थापन झालेलं, दिंडोरी रोडवरचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. माझ्या मते भांडण्यासारखं इथे फार नाही. या विषयाचा सगळा इतिहास काकांच्या त्या प्रश्नाभोवती फिरतो : कितवा महिना, किती मात्रा, आणि मुळी की अर्क.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा आहार महिन्यागणिक सांगितला आहे. पहिल्या महिन्यात साधं दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेलं दूध, तिसऱ्यात मध-तुपासह दूध. काठोकाठ तेल भरलेलं भांडं जसं हिंदकळू न देता न्यावं तसं गर्भिणीला जपावं, असं तिथे म्हटलंय. औषधं मृदू हवीत. वमन-विरेचनासारखे, म्हणजे उलट्या-जुलाब करवण्याचे, जोरकस उपचार करू नयेत, अगदी जिवावर बेतलं तरच अपवाद. सुश्रुतसंहितेत गर्भस्राव होऊ नये म्हणून एकेका महिन्याची औषधं दिली आहेत, आणि पहिल्या महिन्याच्या औषधांत पहिलंच नाव मधुक, म्हणजे आपला जेष्ठमध. त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

या ग्रंथांच्या बाहेर सुईणींचं एक वेगळं ज्ञान होतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांपासून शहरातल्या वाड्यांपर्यंत ते तोंडीच चालत आलं. उष्ण काय, थंड काय, कळा मंदावल्या तर काय द्यायचं. एरंडेल त्यातलंच. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाने आतडं आणि गर्भाशय दोन्ही आवळतात, आणि पेशींवरच्या कोणत्या ठिकाणी ते जाऊन बसतं हे २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. म्हणून दिवस भरण्याआधी एरंडेल नको, ही जुनी ताकीद पोकळ नव्हती. पण हेच ज्ञान नको असलेला गर्भ पाडायलाही वापरलं जाई. चित्रकाचं मूळ, रुईचा चीक. १९७१ चा गर्भपाताचा कायदा येण्याआधी, आणि आडगावांत त्यानंतरही, यात बायका जिवानिशी गेल्या. 'झाडाचं आहे, अपाय नाही' असं म्हणताना या बायकांची आठवण ठेवायला हवी.

मुळीतून नेमका पदार्थ वेगळा काढता येऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं, आणि काढ्याच्या अंदाजाऐवजी वजन करून औषध देता येऊ लागलं. गरोदर बाईला हिवताप झाला, तर पहिल्या तीन महिन्यांत ते कितीतरी दशकं मुख्य औषध होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या तीन महिन्यांतही आर्टेमेथर-ल्युमफॅन्ट्रीन द्यायला सांगितलं. त्यातलं आर्टेमेथर हेही एका चिनी वनस्पतीतल्या आर्टेमिसिनिनपासूनच बनतं.

गर्भ टिकवण्यासाठी डॉक्टर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या ज्या गोळ्या देतात, त्यांचं मूळही कंदात आणि शेंगेत आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत पर्सी ज्युलियन यांनी सोयाबीनमधल्या स्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. पाठोपाठ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानटी कंदातल्या डायोस्जेनिनपासून ते किलोंनी तयार केलं. त्याआधी प्राण्यांच्या अवयवांतून ते कसंबसं मिलिग्रॅममध्ये निघायचं. 'मी फक्त नैसर्गिक घेते' म्हणणारी आणि 'मी फक्त डॉक्टरांचं घेते' म्हणणारी, दोघींच्या हातात झाडच असतं.

महिन्याचं महत्त्व किती, हे मेंढ्यांनी दाखवलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोत कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. शोधाअंती कारण सापडलं : डोंगरात वाढणारी व्हेराट्रम नावाची वनस्पती आणि तिच्यातलं सायक्लोपामिन. गाभण राहिल्याच्या साधारण चौदाव्या दिवशी मेंढीने ती खाल्ली तर हे व्यंग होई. आणखी काही दिवसांनी खाल्ली तर एक डोळ्याचं कोकरू होत नसे. मेंढी स्वतः धडधाकट दिसायची.

माणसांवरचा आघात झाला तो कारखान्यातल्या गोळीने. गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जाणारं थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. या धक्क्याने 'रासायनिक नको, झाडपाल्याचं बरं' ही भावना घट्ट झाली. दुसरीकडे औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळणं नियमच झाला. त्यामुळे ज्या वनौषधी बायका सर्रास घेतात, त्यांच्या नीट चाचण्या फार थोड्या झाल्या. आलं हा सुखद अपवाद. मळमळीवर दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ, एवढ्या मात्रेवर अनेक चाचण्या झाल्या आणि बऱ्याच जणींना उतार पडला.

पपईचीही थोडी तपासणी झाली. २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर पाहिलं : पिकलेल्या पपईने काही झालं नाही, कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय जोराने आवळलं. आजीचा धाक अर्धा खरा निघाला.

आणि जेष्ठमध. फिनलंडमध्ये त्याच्या काळ्या गोळ्या लोक आवडीने चघळतात. त्यातलं ग्लिसिरायझिन वारेतल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. आईचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळापर्यंत पोचण्याआधी निष्प्रभ करणं हे त्या विकराचं काम. गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या आयांची मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी बुद्धिमापनात सरासरी ७ गुण मागे होती, असं २०१७ च्या अभ्यासात दिसलं. कारण तेवढंच, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण तिथल्या आरोग्य संस्थेने गरोदर बायकांना या गोळ्या टाळायला सांगितलं. सुश्रुताने औषध म्हणून सांगितलेली मुळी आणि रोज चघळायची गोळी, यांत मात्रेचा फरक आहे. काकांनी कांडी परत खणात ठेवली ती बरोबरच.

यादीत कधीच नसते ती मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. तिच्यातलं निकोटिन हेही झाडाचंच. २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला : धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. मळमळ थांबते म्हणून नेमक्या पहिल्या तीन महिन्यांत कित्येक जणी ती जास्त लावतात. तंबाखू मिळते टपरीवर, आणि तिथे कितवा लागला हे कुणी विचारत नाही.