शिडाच्या नौकेचा तोल : मालवणच्या गुराबांपासून ‘म्हादेई’पर्यंत

कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा असला, तरी शिडाच्या नौका हा विषय या शहराला परका नाही. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. ती १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. रोमन व्यापाराच्या काळात ती कोकणातल्या एखाद्या बंदरात उतरून घाट चढून आली असावी. पुढे मराठेशाहीत तर मालवणचा सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे होता आणि त्याच्या आश्रयाने करवीरचे स्वतःचे गुराबांचे, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांचे, आरमार वावरत होते. अलीकडे नौदलाच्या सागर परिक्रमांमुळे, म्हणजे शिडाच्या नौकेतून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणांमुळे, आपल्याकडे शिडाच्या नौकांबद्दल कुतूहल वाढले आहे, पण चर्चा बहुधा धाडसाची होते. एकट्या माणसाला पाच-पाच महिने नौका चालवता येते ती कशामुळे, हा प्रश्न त्यात मागे राहतो. त्याचे निम्मे उत्तर नौकेच्या तोलात आहे, आणि या तोलाचे ज्ञान सरळ रेषेत वाढलेले नाही.

दर्यावर्दी माणूस नौका तोलात आहे असे म्हणतो, तेव्हा ती उलटत नाही एवढेच त्याला अभिप्रेत नसते. शिडांवरचा वाऱ्याचा जोर एका बिंदूवर एकवटला आहे असे मानता येते, आणि नौका आडवी सरकू नये म्हणून पाणी जो विरोध करते त्याचाही असाच एक बिंदू नौकेच्या बुडालेल्या भागात असतो. शिडांचा बिंदू पाण्याच्या बिंदूच्या मागे पडला, तर नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्याच्या दिशेला वळू पाहते. पुढे पडला, तर ती वाऱ्यापासून दूर जाते. मागच्या बाजूचे मोठे शीड नाळेला वाऱ्याकडे ढकलते, पुढचे शीड तिला वाऱ्यापासून लांब नेते, आणि या ओढाताणीचा हिशेब जुळला म्हणजे सुकाणूला फारसे काम उरत नाही. हिशेब पूर्ण शून्यावर आणायचा नसतो. नौका किंचित वाऱ्याकडे ओढणारी असावी, सुकाणू तीन-चार अंश वळवून तिचा रोख राहावा, असेच नौकांचे रचनाकार मानतात. कारण अशा नौकेचे सुकाणू हातातून सुटले, तर ती आपणहून वाऱ्याकडे तोंड करते आणि तिचा वेग मोडतो.

वारा वाढला की या हिशेबात काय होते, हे सुकाणूच्या दांड्याजवळ बसून पाहावे. पंधरा नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) वारा वीस नॉटचा झाला, तर शिडावरचा दाब सुमारे पावणेदोन पट होतो. नौका कलंडते, शिडांचा जोर नौकेच्या मध्यरेषेपासून बाहेर, पाण्याच्या बाजूला जातो आणि तो जोर नाळेला वाऱ्याकडे फिरवू लागतो. सुकाणूवरच्या माणसाला दांडा छातीशी ओढून धरावा लागतो, मागे पाण्यात भोवरे उठतात आणि सुकाणूचा ब्रेक होतो. अशा वेळी मोठे शीड आखडून लहान केले, तर नौका सावरून उभी राहते, दांडा हलका होतो आणि कापड कमी होऊनही वेग सहसा घटत नाही, कित्येकदा वाढतो. नवशिक्याला हे पटत नाही आणि तो दांड्याशी झुंजत बसतो. वजनाचेही तसेच आहे. नांगराची जड साखळी नाळेत कोंबली, की नाळ पाण्यात दबते, पुढचा बुडालेला भाग वाढतो, पाण्याचा बिंदू पुढे सरकतो आणि नौका उगाच वाऱ्याकडे तोंड करू लागते. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात पाणी, इंधन, शिधा संपत जातो तसा हा समतोलही बदलत राहतो.

यांपैकी कोणतेही गणित कागदावर नसताना कोकणातले सुतार आणि नौका चालवणारे तांडेल हे व्यवहारात साधत होते. पडावांची व गलबतांची डोलकाठी पुढच्या बाजूला झुकलेली असे, त्यामुळे तिरक्या परबाणावर, म्हणजे शीड बांधायच्या लांब काठीवर, चढवलेल्या मोठ्या तिकोनी शिडाचा जोरही पुढे राही. हलक्या होड्यांना उलांडी, म्हणजे बाजूला तरंगणारे लाकूड, जोडून कलंडण्याचा बंदोबस्त केला जाई, तर मोठ्या गलबतांच्या तळात माल नसेल तेव्हा दगडांचे नीरम, म्हणजे तोल सांभाळणारे वजन, भरत. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजी महाराजांसाठी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराची तरांडी फार थोर नसावीत, फार लहानही नसावीत, मध्यम असावीत, आणि जी मोठी जहाजे वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतात ती बांधण्याचे प्रयोजन नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. हा निर्णय अर्थात युद्धनीतीचा आहे, तोलाचा नव्हे; तरी नौकेचा आकार तिच्या कामावरून ठरावा, दिमाखावरून नव्हे, ही त्यामागची दृष्टी या सगळ्या इतिहासात वारंवार उपयोगी पडते. अमात्यांची जहागीर गगनबावड्याची, म्हणजे कोल्हापूरहून मालवणला उतरणाऱ्या घाटाच्या तोंडावरची. तेव्हा हा मजकूर पुस्तकी नव्हता, असे मानायला जागा आहे. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी पैसे वसूल करून तो करवीरला परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. करवीरचा दर्यावरचा हक्क तेथे संपला.

दिमाखापायी तोल कसा जातो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वीडनचे आहे. ‘वासा’ ही राजाची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोम बंदरातून निघाली, तिने दीड किलोमीटरही पार केला नाही आणि वाऱ्याच्या झोतासरशी कलंडून उघड्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी घेत ती बुडाली. तिच्यावर तोफांचे दोन मजले होते, वरचा भार जड होता आणि तळाशी पुरेसे नीरम बसेल इतकी जागाच नव्हती. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली गेली होती. नौका इतकी डोलू लागली की ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही नौका निघाली, कारण राजाला घाई होती.

असे प्रकार का घडतात याचे गणित त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सापडले. पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर दक्षिण अमेरिकेत गेलेल्या पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ मध्ये नौकाशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘मेटासेंटर’ ही कल्पना मांडली. नौका थोडी कलंडल्यावर पाण्याचा वर उचलणारा जोर बाजूला सरकतो. त्याची उभी रेषा नौकेच्या मध्यरेषेला जेथे छेदते तो बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर नौका सावरते, खाली असेल तर उलटते. तीनच वर्षांनी ऑयलर या गणितज्ञाचाही ग्रंथ आला. कलंडण्याचा प्रश्न अशा रीतीने गणिताच्या हाती आला, पण नौका रोख का सोडते, हा प्रश्न मात्र पुढची दीडशे वर्षे बऱ्याच अंशी अनुभवावरच चालला.

एकोणिसाव्या शतकात हौशी नौकानयन वाढले, शर्यती आल्या आणि शर्यतींबरोबर मोजमापाचे नियम आले. माझ्या मते या विद्येचे सर्वाधिक नुकसान याच नियमांनी केले. ब्रिटनमध्ये नौकेचे टनेज, म्हणजे शर्यतीसाठी धरायचे आकारमान, ठरवताना रुंदीला इतके महत्त्व दिले गेले की रचनाकारांनी रुंदी कमी करत नेली आणि अरुंद, खोल, उभ्या फळीसारख्या नौका निघाल्या. त्या उभ्या राहाव्यात म्हणून शिसे तळातून काढून बाहेर, थेट कण्याखाली, म्हणजे तळाच्या लांब तुळईखाली, बसवण्याची पद्धत रूढ झाली. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला यातला फायदा सांगावा लागणार नाही, कारण ओतीव लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे सातपट तर शिशाची अकरा पटींहून अधिक असते, म्हणजे तेवढेच वजन कमी जागेत आणि अधिक खाली मिळते. बाहेरचे नीरम टिकले. त्या अरुंद नौका नियम बदलताच गेल्या.

याच काळात शर्यतीशी काही देणेघेणे नसलेल्या नौका तोलाच्या बाबतीत पुढे होत्या. नॉर्वेचा कॉलिन आर्चर बंदराबाहेर वादळात थांबून राहणाऱ्या पायलट नौका, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या नौका, बांधत होता. दोन्ही टोकांना निमुळत्या, पूर्ण लांबीच्या कण्याच्या, जड आणि शांत. १८९३ मध्ये त्याने त्याच धर्तीवर मच्छीमारांच्या बचावासाठी नौका बांधली. अटलांटिकच्या पलीकडे जोशुआ स्लोकम या कप्तानाने शिंपल्यातली कालवे पकडण्याची एक मोडकी नौका स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली आणि १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या या ३६ फूट ९ इंच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हिंदी महासागरात थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतचे २,७०० मैलांचे अंतर तिने २३ दिवसांत कापले. या सगळ्या दिवसांत सुकाणूवर आपण एकूण तीन तासही नव्हतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. चाक बांधून ठेवायचे आणि खाली जाऊन वाचत बसायचे, असा त्याचा क्रम होता. अनेकांना ही बढाई वाटली. १९०९ मध्ये सिप्रियानो आंद्रादे या अमेरिकन अभियंत्याने ‘स्प्रे’ची आकडेमोड केली, तेव्हा शिडांचा, पाण्याच्या विरोधाचा आणि बुडालेल्या आकारमानाचा असे तिचे सगळे मध्यबिंदू जवळजवळ एकाच उभ्या पातळीत येतात, असे दिसून आले. हे स्लोकमने मोजून केलेले नव्हते. स्लोकम आणि ‘स्प्रे’ पुढे समुद्रात नाहीसे झाले, ते कसे हे कधी कळले नाही.

१९३० च्या दशकात ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल टर्नर यांनी कलंडलेल्या नौकेचा तोल गणिताने आधीच सांगता येईल असा एक सिद्धांत मांडला. नौका कलंडल्यावर तिचा पुढचा आणि मागचा भाग सारख्याच प्रमाणात पाण्यात उतरला पाहिजे, नाही तर ती वाकड्या रेषेत जाऊ लागते, हा त्याचा गाभा. बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य डॉ. हॅरिसन बटलर हे नौकांचे हौशी रचनाकार होते; त्यांनी हा सिद्धांत उचलून त्यावर सहलीच्या अनेक लहान नौका आखल्या. पुढे तो सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही, पण बटलर यांच्या नौका हाताला हलक्या आणि रोखाला पक्क्या म्हणून आजही नावाजल्या जातात. सिद्धांत चुकला तरी त्यांची नजर चुकली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

१९६० च्या दशकात दोन नौकांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. फ्रान्सिस चिचेस्टर हे १९६६-६७ मध्ये ‘जिप्सी मॉथ ४’ घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. नौका मुद्दाम त्यांच्यासाठी आखलेली, वेगवान, पण हलक्या वाऱ्यातही भलतीच कलंडणारी आणि सुकाणूला हट्टी. निघण्यापूर्वी कण्याला शिसे वाढवावे लागले, सिडनीत कण्याच्या आकारात बदल करावा लागला. दुसरी ‘सुहेली’. आर्चरच्या बचाव नौकांवरून अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन याने ३२ फुटांचा एक आराखडा केला होता, त्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरील अधिकाऱ्याने ती मुंबईत सागवानात बांधून घेतली. भारतीय सुतारांनी, वाकस या लाकूड तासण्याच्या हत्याराने आणि हातकरवतीने. १९६८ च्या एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊजण निघाले आणि शेवटास एकटी ‘सुहेली’ पोहोचली, २२ एप्रिल १९६९ रोजी. ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिचे वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू मोडून पडले होते. त्यानंतरचा निम्म्याहून अधिक प्रवास नॉक्स-जॉन्स्टनने दोन डोलकाठ्यांवरची शिडे एकमेकांविरुद्ध जुळवून, नौकेला आपला रोख आपण धरायला लावून केला. मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या त्या जड, संथ नौकेला लोक आधी हसले होते.

शर्यतीच्या नियमांनी मात्र आपला हट्ट सोडला नाही. १९७० च्या दशकातल्या नियमांमुळे नौका मध्यभागी फुगीर, टोकांना चिमटलेल्या आणि वजनाला हलक्या झाल्या. मागून मोठी लाट आली की त्या डगमगत आणि अचानक आडव्या फिरत. १९७९ च्या फास्टनेट या सागरी शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचे बळी घेतले. त्यानंतरच्या चौकशीतून नौका किती अंशांपर्यंत कलंडूनही सावरते, हे मोजण्याकडे लक्ष गेले आणि पुढे स्थैर्याची आंतरराष्ट्रीय मानके आली.

भारतात या परंपरेचा धागा गोव्यात पुन्हा जुळला. फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून नौदलाची सागर परिक्रमा उभी राहिली. दिवाडीच्या ॲक्वेरियस गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी एका डच आराखड्यावरून ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत जुन्या, म्हणजे ‘सुहेली’च्या १९६८ च्या शर्यतीच्या धर्तीवर होती. ३२ ते ३६ फुटांची, लांब कण्याची, सुकाणू कण्याला जोडलेली आणि १९८८ पूर्वीच्या आराखड्याचीच नौका तिला चालत होती. तिच्यासाठी त्याच गोदीत ‘सुहेली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. तोलात असलेल्या नौकेलाही मर्यादा असतात. २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

आजच्या सहलीच्या नौकांचा मागचा भाग आतल्या खोल्यांसाठी रुंद केलेला असतो. अशी नौका कलंडली की मागची बाजू वर उचलली जाते, सुकाणू पाण्याबाहेर येऊ पाहते, म्हणून तिला दोन सुकाणू बसवतात. रोख धरण्याचे काम विजेवर चालणाऱ्या ऑटोपायलटवर सोपवलेले असते, त्यामुळे चालवणाऱ्याला दांड्याची ओढ जाणवतच नाही; शिडे चुकीची लावली आहेत, हे त्याला बऱ्याचदा बॅटरी लवकर उतरू लागल्यावर कळते.