टी पेशींचा लगाम : सीटीएलए-४ आणि पीडी-१ यांची पार्श्वभूमी

संसर्ग झालेल्या पेशींवर टी पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) चाल करून जातात, हे प्रतिकारशास्त्राला बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. त्या थांबतात कशा, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ मागे राहिला. १९८०च्या दशकात सारे लक्ष त्यांच्या जागृतीवर होते. प्रतिजनाची (परक्या रेणूची) ओळख पटणे पुरेसे नसून टी पेशीवरच्या सीडी२८ या ग्राहीमार्फत (संदेश झेलणाऱ्या रेणूमार्फत) दुसरा, पूरक संदेशही मिळावा लागतो, हे त्याच काळात स्पष्ट होऊ लागले.

१९८७ साली फ्रान्समध्ये मार्सेय येथे पिएर गोलस्टाइन यांच्या गटाला टी पेशींचा सीटीएलए-४ हा ग्राही सापडला, तेव्हा त्याचे कार्य अज्ञात होते. त्याची घडण सीडी२८सारखी होती, आणि प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींवरच्या ज्या बी७ रेणूंना सीडी२८ चिकटतो त्यांनाच तो कितीतरी अधिक घट्ट धरतो, हे १९९१ मध्ये दिसून आले; त्यामुळे तोही उत्तेजकच असावा, असा तर्क काहींनी केला. शिकागोत जेफ्री ब्लूस्टोन आणि बर्कलीत जेम्स अ‍ॅलिसन यांच्या प्रयोगशाळांनी १९९४-९५ मध्ये याच्या नेमके उलट, म्हणजे तो टी पेशींना आवर घालतो, असे चित्र मांडले. वाद खऱ्या अर्थाने मिटला तो १९९५ मध्ये : सीटीएलए-४चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत टी पेशी बेसुमार वाढल्या, हृदयासह अनेक अवयवांत शिरल्या, आणि ते उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच दगावले. पुढे सारी औषधे आली तरी माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

पीडी-१ या टी पेशींवरच्या दुसऱ्या ग्राहीची कथा जपानमधल्या क्योटोतली. तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या नियोजित मृत्यूची जनुके शोधताना १९९२ मध्ये तो हाती लागला. नाव (प्रोग्राम्ड डेथ-१) त्यावरूनच पडले, काम मात्र वेगळे, टी पेशींना आवरण्याचे, निघाले. त्याच्या अभावी उंदरांना लगेच मृत्यू येत नव्हता. एका वाणात वय वाढेल तसा ल्युपससारखा (संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा) विकार जडे, तर दुसऱ्यात हृदयाचा स्नायू निकामी होई. त्याचा जोडीदार रेणू पीडी-एल१ जोडला गेला, की पीडी-१ आपल्या शेपटाशी एसएचपी-२ हे विकर (एन्झाइम) ओढून घेतो आणि ते जागृतीच्या संदेशातले फॉस्फेट गट काढून संदेश मंदावते. सीटीएलए-४ प्रामुख्याने लसीका ग्रंथींत, प्रतिसादाच्या आरंभी आवर घालतो; पीडी-१चा अंमल नंतर, ऊतींमध्ये अधिक जाणवतो.

अनेक अर्बुदे (कर्करोगाच्या गाठी) याच पीडी-एल१चा आडोसा घेतात. म्हणून ग्राही अडवणारी प्रतिपिंडे औषध ठरली : २०११ मध्ये अमेरिकेत सीटीएलए-४ अडवणाऱ्या इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पीडी-१रोधक आले, आणि २०१८ चे नोबेल अ‍ॅलिसन व होंजो यांना मिळाले. आतडे, थायरॉइड, क्वचित हृदय यांना होणारा दाह हा या औषधांचा दुष्परिणाम उंदरांनी आधीच दाखवून दिला होता.

किंमत हा मात्र आपल्याकडचा मोठा अडसर आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात, कमी मात्रेच्या तोंडी औषधोपचाराला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब या पीडी-१रोधकाच्या केवळ २० मिलिग्रॅमची जोड देऊन पाहिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षभर जगलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.