पाठीचा पट्टा: कापड की उपकरण?

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकल दुकानात पाठीचा पट्टा मागितला, तर एकाच फळीवरून तीन-चार प्रकार खाली येतात. एक नुसत्या इलॅस्टिकचा, एक आत धातूच्या पट्ट्या शिवलेला, एक पोक काढून बसणाऱ्यांसाठी खांद्यांवरून आवळायचा. दुकानदाराच्या लेखी हा सगळा एकच माल. न्हावाशेवा बंदरात आयात होऊन उतरताना मात्र त्यातला एक कापडी वस्तू ठरतो, दुसरा ऑर्थोपेडिक उपकरण.

ही विभागणी मुळात ब्रसेल्सची. तिथल्या सीमाशुल्क सहकार्य परिषदेने घडवलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टीमचा, म्हणजे सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला आकडी कोड देणाऱ्या पद्धतीचा, करार १९८३मध्ये झाला आणि १९८८पासून अमलात आला. भारताने आपला १९७५चा सीमाशुल्क दर कायदा त्याआधीच, १९८६मध्ये, या पद्धतीवर आणला होता. कोडचे पहिले सहा आकडे सगळ्या सदस्य देशांत सारखे, पुढचे दोन आपले.

पट्ट्याचा वाद दोन टिपांभोवती फिरतो, आणि दोन्ही या पद्धतीतल्या प्रकरण ९०मधल्या, म्हणजे वैद्यकीय व इतर उपकरणांच्या प्रकरणातल्याच आहेत. टीप ६ सांगते की शरीरातली विकृती टाळणारे वा सुधारणारे, किंवा आजार, शस्त्रक्रिया, दुखापत यांनंतर अवयवाला आधार देणारे साधन म्हणजे ऑर्थोपेडिक उपकरण. त्याची जागा ९०२१ या कोडखाली. पण टीप १(ब) आधीच दार लावते: कापडी आधारपट्ट्याचा परिणाम केवळ त्याच्या ताणामुळे होत असेल, तर तो या प्रकरणात येत नाही, कापडाच्या विभागात जातो. गरोदरपणातला पट्टा, पोटाचा पट्टा, सांध्यांचे आधार ही उदाहरणे टिपेतच दिली आहेत.

सगळे वजन ‘केवळ’ या एका शब्दावर आहे. खोक्यावर ‘ऑर्थोपेडिक’ छापले म्हणून तो शब्द पुसला जात नाही. पट्टा उसवून पाहावा लागतो. हार्मोनाइज्ड सिस्टीमसोबतच्या व्याख्यात्मक टिपा खास गाद्या, स्प्रिंगा, चामडे-धातू-प्लॅस्टिक, ताठ कापडाचे भाग अशा खुणा सांगतात आणि विशिष्ट ऑर्थोपेडिक कामासाठी केलेली रचना पाहायला लावतात. या टिपांना आपल्याकडेही वजन आहे. १९९५मध्ये वूडक्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्गीकरणाच्या वादात हार्मोनाइज्ड सिस्टीमला भरवशाचा मार्गदर्शक मानले.

खरी कसोटी पोकेच्या पट्ट्याची. खुर्चीत वाकून बसणे ही विकृती की नुसती सवय? माझ्या मते नुसते खांदे मागे ओढणारे, आत काहीही ताठ नसलेले इलॅस्टिक ९०२१मध्ये बसवणे ओढूनताणून केलेले काम आहे. मग ते ६२१२मध्ये कॉर्सेट-गर्डलशेजारी बसते की ६३०७च्या ‘इतर तयार वस्तूं’त, हा पुढचा प्रश्न.

आयातदाराची ओढ नेहमी ९०२१कडेच असते असेही नाही. २०२०च्या अर्थसंकल्पाने ९०१८ ते ९०२२मधल्या आयात वैद्यकीय साधनांवर ५ टक्के आरोग्य उपकर आणला.

२०११पासून स्वयंनिर्धारण, म्हणजे आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवण्याची पद्धत, आल्यामुळे कोड निवडण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची. माल निघण्यापूर्वीच निर्णय हवा असेल, तर २०२१पासून मुंबईतल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो निर्णय अर्जदाराला आणि संबंधित आयुक्तांना बंधनकारक असतो. तिथेही पट्टा आतून कसा शिवला आहे, हे आधी सांगावे लागते.