पार्श्वभूमी : होंडाची मोटार आणि हवेच्या इंजिनाचा वाद

होंडा आणि निस्सान या जपानी मोटार कंपन्या एकत्र येण्याची बोलणी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी अधिकृतपणे मोडली. निस्सानने आपली उपकंपनी व्हावं, हा होंडाचा प्रस्ताव निस्सानच्या गळी उतरला नाही. होंडाच्या विलीनीकरणाचा विषय निघाला की एक जुना किस्सा हटकून सांगितला जातो. साठच्या दशकात जपानचं सरकार मोटारधंद्यातल्या कंपन्यांची संख्या कमी करायला निघालं होतं आणि होंडाच्या संस्थापकांनी सरकारलाच सुनावलं, असा तो किस्सा. तो खरा आहे, पण त्याला फारच भाव दिला जातो. संस्थापकांनी सरकारशी घातलेल्या वादापेक्षा, पुढे आपल्याच हाताखालच्या पोरांपुढे ते हरले त्या वादाने होंडाची मोटार जास्त घडवली.

संस्थापक सोइचिरो होंडांचं लोहाराचं घर, पिस्टन रिंगचा कारखाना, युद्धानंतर लष्कराच्या वायरलेस संचांची छोटी इंजिनं सायकलींना बसवून मांडलेला धंदा, हे सगळं आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. कंपनी १९४८ ची. पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा भागीदार म्हणून आले आणि कामं वाटली गेली. इंजिन होंडांकडे, पैसा आणि विक्री फुजिसावांकडे. कंपनीचा शिक्कासुद्धा फुजिसावांच्या हाती असे. १९५८ मध्ये सुपर कब ही छोटी दुचाकी आली आणि धंद्याला बरकत आली. पुढच्या गोष्टीसाठी यातलं एकच ध्यानात ठेवायचं: ही सगळी इंजिनं हवेवर थंड होणारी होती. दुचाकीच्या सिलिंडरवर पंखासारख्या कडा असतात, गाडी धावली की वारा लागतो आणि इंजिन निवतं. इंजिनाचं पाणी निववणारा रेडिएटर नाही, पाणी नाही, गळतीची भीती नाही.

१९६१ मध्ये व्यापार-उद्योग खात्याने मोटार कंपन्यांचे तीन गट पाडायचा बेत पुढे केला. मोठ्या संख्येने गाड्या काढणारे, खास गाड्यावाले आणि अगदी लहान गाड्यावाले. परदेशी गाड्यांना बाजार खुला होणार होता. तेव्हा किरकोळ कंपन्या त्यांच्यापुढे टिकायच्या नाहीत, असं खात्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. पण त्यात नव्याने शिरणाऱ्याची वाट बंद होत होती आणि होंडाची एकही मोटार तोवर बाजारात नव्हती. संस्थापकांनी अधिकाऱ्यांशी कडाक्याचा वाद घातला. विलीन व्हायला सांगायचं असेल तर आधी आमचे शेअर घ्या आणि भागधारक म्हणून सांगा, असा त्यांचा पवित्रा होता.

इथून पुढे दंतकथा सुरू होते. या बेताचा कायदा होईल या धाकाने होंडाने मोटार काढली, असं सांगतात. खरं तर मोटारीवरचं काम १९५८ पासूनच चाललं होतं. धाकाने झाली ती घाई. जून १९६२ मध्ये सुझुका या गावी विक्रेत्यांपुढे छोटी स्पोर्ट्‌स मोटार आली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये प्रत्यक्ष विक्रीला निघाला तो एक चिमुकला ट्रक, टी३६०. त्याचं इंजिन ३५४ सीसीचं, पण चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, चार कार्बुरेटर आणि मिनिटाला ८,५०० फेऱ्यांना ३० अश्वशक्ती. भाजी वाहायच्या गाडीला शर्यतीचं काळीज बसवलं होतं! दोन महिन्यांनी एस५०० ही स्पोर्ट्‌स मोटार आली. तिला लाल रंग द्यायचा तर तो अग्निशामक बंबांसाठी राखीव, म्हणून त्यासाठीही खात्याशी झगडावं लागलं. गंमत म्हणजे या दोन्ही गाड्यांची इंजिनं पाण्यावर थंड होणारी होती. आणि तो कायदा? बँकांना नको, उद्योगाला नको, सत्ताधारी पक्षालाही फारसा उत्साह नाही. १९६३ मध्ये संसदेत आलेलं विधेयक पुढच्या वर्षी बारगळलं. होंडांच्या आरडाओरड्याने ते पडलं, असं म्हणणं म्हणजे संस्थापकांच्या पदरात नको तेवढं माप टाकणं.

१९६७ च्या एन३६० ने मात्र पारडं हवेकडे झुकवलं. दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, ३१ अश्वशक्ती आणि किंमत तीन लाख येनच्या जरा वर. लोकांनी ती अक्षरशः उचलली. (पुढे या गाडीच्या सुरक्षिततेवरून ओरड झाली, १९७० मध्ये खुद्द संस्थापकांवर फौजदारी तक्रार दाखल झाली, पण सरकारी वकिलांनी खटला भरला नाही.) या यशानंतर मोठ्या मोटारीलाही हवाच पुरेल, हे संस्थापकांच्या मनाने घेतलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: पाण्याने इंजिन थंड केलं तरी त्या पाण्याला शेवटी हवाच थंड करते, मग मधला दलाल हवा कशाला?

ऐकायला हे बिनतोड वाटतं, म्हणूनच घोळ झाला. १९६९ ची होंडा १३०० बघावी. १,३०० सीसीच्या इंजिनाला नुसता वारा पुरेना, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडर ब्लॉकला दुहेरी भिंत ओतली आणि त्या दोन भिंतींमधून पंख्याने हवा फिरवली. बाहेरून गाडीचा वारा लागायचा तो वेगळा. तेलाने उष्णता ओढावी म्हणून तेलाची टाकीही निराळी ठेवली. साध्या आवृत्तीलाच १०० अश्वशक्ती मिळाली, तेव्हाच्या मानाने ती भलतीच होती. पण रेडिएटर वाचवून जे वजन आणि पैसे वाचायचे, ते या भानगडीत कधीच उडून गेले होते. इंजिन जड झालं, महाग झालं आणि गाडीचं नाक खाली ओढायला लागलं. ज्या साधेपणासाठी हवा हवी होती, तो साधेपणाच उरला नाही. तरी रेखाटनं फॅक्टरीत पोहोचल्यावरही संस्थापक बदल सांगतच राहिले.

त्याच्या आदल्या वर्षी याच हट्टाची फार मोठी किंमत मोजावी लागली होती. फॉर्म्युला वनसाठी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची आरए३०२ ही गाडी केली होती. कंपनीच्या मुख्य चालकाने ती चाचणीत चालवून पाहिली आणि शर्यतीला लायक नाही असं सांगून तिच्यात बसायला नकार दिला. तरी ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समध्ये रूआँच्या ओल्या रस्त्यावर ती उतरवली. या वेळी चालक दुसरा, फ्रेंच होता. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी रस्ता सोडून बांधावर आदळली, उलटली. टाकी भरलेली आणि सांगाड्यात मॅग्नेशियम. तो चालक जागीच गेला. अपघात हवेच्या इंजिनामुळेच झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि इथेही तसा दावा नाही. पण गाडी तयार नसताना ती धावली, हे लपत नाही. वर्षअखेरीला कंपनी शर्यतीतून बाहेर पडली.

संशोधन विभागातल्या तरुण अभियंत्यांचा आक्षेप मात्र निराळ्याच मुद्द्यावर होता, धुराच्या. अमेरिकेत धुरावर कडक निर्बंध येणार हे दिसत होतं. धूर स्वच्छ करायचा तर सिलिंडरचं तापमान एकसारखं राहायला हवं, आणि ते पाण्याचं आवरण असेल तरच राखता येतं. हवेच्या इंजिनाचं तापमान चढ, उतार, वारा, वेग यांप्रमाणे हलतं. संस्थापकांना हे पटवायची सोय नव्हती. ज्याच्या हाताखाली काम शिकलो त्याच्यापुढे किती बोलणार? एक अभियंता तर वैतागून कित्येक दिवस कामावर आलाच नाही.

शेवटी ही मंडळी १९६९ च्या उन्हाळ्यात फुजिसावांकडे गेली. फुजिसावा इंजिनातले नव्हते. त्यांनी कोण बरोबर याची चर्चाच केली नाही. त्यांनी होंडांना एवढंच विचारलं की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचं आहे की तंत्रज्ञ म्हणून? होंडा म्हणाले, अध्यक्ष म्हणून राहायला हवं. मग या मुलांना पाण्याच्या इंजिनावर काम करू देणार ना? देतो म्हणाले. एवढ्यावर विषय संपला.

पुढचं सगळं भराभर झालं. १९७१ मध्ये पाण्यावरच्या इंजिनाची लाइफ ही मोटार, १९७२ च्या जुलैत सिव्हिक, आणि त्याच वर्षी १३०० चीच बॉडी पाण्याचं इंजिन घालून १४५ या नावाने. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने धुरातले घातक वायू ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले होते आणि तिथल्या बड्या कंपन्या हे अशक्य म्हणून हात वर करत होत्या. होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनात मुख्य कक्षाशेजारी एक चिमुकला कक्ष होता. त्यात पेट्रोलचं दाट मिश्रण आधी पेटे आणि त्या ज्वालेने मुख्य कक्षातलं पातळ मिश्रण पूर्ण जळे. धूर धुवायला वेगळं यंत्र लागतच नव्हतं. १९७२ च्या अखेरीस ते अमेरिकेची चाचणी पार करून गेलं आणि टोयोटा, फोर्ड यांनीही ते तंत्र परवान्यावर घेतलं.

या इंजिनामुळे अमेरिकेतल्या तीन बड्या कंपन्यांच्या रांगेत बसायची संधी आली, असं संस्थापक म्हणाले. त्यावर तरुण अभियंत्यांनी उलट सुनावलं की आम्ही हे कंपनीसाठी करत नाही, लोकांसाठी करतोय. हे ऐकूनच आपली वेळ झाली असं वाटल्याचं होंडांनी पुढे सांगितलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये ६६ व्या वर्षी ते निवृत्त झाले, फुजिसावाही त्याच दिवशी.

आपल्याकडे हे नाव मोटारीने नव्हे, दुचाकीनेच आलं. पुण्याच्या कंपनीबरोबर १९८४ मध्ये कायनेटिक होंडा झाली. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की सुरू. तिचं इंजिन पंख्याच्या हवेवरच निवायचं, आणि तेवढ्या इंजिनाला ते पुरायचंही. सिटी ही मोटार आली ती १९९८ मध्ये, अर्थातच रेडिएटरसकट.

होंडांनी स्वतःच्या मुलांना कंपनीत घेतलं नाही. १९७३ नंतर आजवर जे अध्यक्ष झाले ते सगळे अभियंते. त्यांतला दुसरा, १९८३ मध्ये नेमलेला, म्हणजे हवेच्या इंजिनाला वैतागून कामावर यायचा बंद झालेला तोच माणूस.