कोलोनोस्कोपी की सिग्मॉइडोस्कोपी? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्या यादीत नाही. त्यामुळे त्यासाठी घरी बोलावणे येत नाही आणि भरायला छापील अर्जही नसतो. आपणच ओपीडीत जाऊन विचारायचे आणि डॉक्टरांकडून स्कोपीची, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडे आतून पाहण्याची, चिठ्ठी घ्यायची. कोलोनोस्कोपी आणि सिग्मॉइडोस्कोपी हे तिचेच दोन प्रकार.

पात्रता आधी पाहू. काहीही त्रास नसलेल्यांनी तपासणी कधी सुरू करावी, तर अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये हे वय ५० वरून ४५ वर आणले. आपल्याकडचे अनेक डॉक्टरही हाच आधार घेतात. ७५ नंतर प्रकृती पाहून ठरवतात. आई, वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर ४० व्या वर्षी किंवा त्यांचे निदान झाले त्या वयाच्या १० वर्षे आधी, यातले जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करावी. वडिलांचे निदान ४८ व्या वर्षी झाले असेल, तर मुलाने आणि मुलीनेही ३८ व्या वर्षी. म्हणूनच वडिलांचा जुना बायोप्सी रिपोर्ट हा माझ्या मते आधार कार्डाहून मोलाचा कागद आहे. तो घरातल्या फायलीतून शोधून काढा. नसेलच, तर निदानाचे वर्ष आणि तेव्हाचे वय तरी घरच्या मोठ्यांना विचारून लिहून घ्या.

शौचावाटे रक्त जाते, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरते, वजन घटते किंवा शौचाची सवय बदलली आहे, अशांनी वयाचा हिशोब करत थांबू नये. मूळव्याधच असेल असे मानून महिनोन्महिने मलम लावण्यात फार मोलाचा वेळ जातो. ओपीडीत हा त्रास स्पष्ट शब्दांत सांगा, चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता निवड. सिग्मॉइडोस्कोपीत मोठ्या आतड्याचा शेवटचा, डावीकडचा भागच दिसतो. तयारी एनिमावर भागते, भूल बहुधा लागत नाही, काम लवकर आटोपते. पण उजव्या बाजूची गाठ तिच्यातून सुटते, आणि पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर आलेली छोटी वाढ) सापडला तर पुढे कोलोनोस्कोपी करावीच लागते. कोलोनोस्कोपीत आतडे टोकापर्यंत पाहिले जाते आणि बहुतेक पॉलिप त्याच वेळी काढता येतात. पॉलिप कर्करोग होण्याआधीच निघतो, हा तिचा सर्वांत मोठा फायदा. आतड्याला छिद्र पडणे किंवा रक्तस्राव हे धोके क्वचित होतात, तरी संमतीपत्रावर सही करण्याआधी ते समजून घ्या. घराण्यात आजार नसेल आणि सर्व ठीक निघाले, तर कोलोनोस्कोपी १० वर्षांनी, सिग्मॉइडोस्कोपी ५ वर्षांनी. घराण्यात आजार असेल, तर माझा कौल थेट कोलोनोस्कोपीला. स्कोपीची भीती वाटते त्यांनी निदान दरवर्षी शौचाच्या नमुन्याची फिट तपासणी (डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी) करावी. ती पॉझिटिव्ह आली, तर पुन्हा फिट करून पाहू नये, कोलोनोस्कोपीच करावी.

ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय, इथे केस पेपर काढून सुरुवात करता येते. तिथे स्कोपीची सोय किंवा जवळची तारीख नसेल, तर मुंबईतील सायन, केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या गॅस्ट्रो (पोटविकार) विभागासाठी संदर्भ चिठ्ठी मागा. सोबत आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी ठेवा. रेशन कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का, हे घरीच पाहून घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. निरोगी माणसाच्या तपासणीचा खर्च त्यातून निघेल असे धरून चालू नका. कर्करोग निघालाच, तर योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, लगेच भेटा. मेडिक्लेम असेल तर निव्वळ तपासणीला सहसा पैसे मिळत नाहीत. त्रासामुळे स्कोपी होत असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते कारण यायलाच हवे.

कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली की रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आदल्या दिवशी भाकरी, पालेभाजी, बिया, साली टाळून हलके खायचे. रात्री आतडे साफ करणाऱ्या पावडरचे पाणी प्यायला सुरुवात करायची आणि उरलेला भाग पहाटे सांगितलेल्या वेळेला संपवायचा. चव नकोशी वाटते, गार करून प्यायल्यास जरा सोपे जाते. शेवटी शौचाला पिवळसर, पारदर्शक पाणी होऊ लागले की तयारी झाली. आतडे नीट साफ नसेल तर छोटे पॉलिप दिसत नाहीत, मग पुन्हा तारीख. भूल दिली जाते, म्हणून घरचे एक मोठे माणूस सोबत हवेच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सहीही करायची नाही.

निघताना रिपोर्ट हातात घ्या आणि त्यात तीन गोष्टी पाहा. स्कोप सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, गेला का, आतडे किती साफ होते आणि पुढची तपासणी कधी. पॉलिप काढला असेल, तर पुढची तारीख बायोप्सीवर ठरते. तो रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो आणायला कोण जाणार, हे घरी आधीच ठरवून ठेवा.