कराटेचे ऑलिंपिकमधील येणे-जाणे: पार्श्वभूमी

ओकिनावा बेटावरची ही विद्या १९२२ मध्ये टोकियोत झालेल्या प्रात्यक्षिकानंतर जपानच्या मुख्य भूमीवर रुजली आणि १९७० मध्ये त्याच शहरात तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. ऑलिंपिक समितीने १९८५ मध्ये दिलेली मान्यता मात्र संघटनांच्या आपसांतील भांडणात डळमळली आणि १९९९ मध्ये पक्की झाली. पूर्ण ताकदीने प्रहार करणारे संप्रदाय तर या व्यवस्थेबाहेरच राहिले. २००५ मध्ये सिंगापूरच्या अधिवेशनात कराटेचे नाव अखेरच्या मतदानापर्यंत पोहोचले, पण आवश्यक दोन तृतीयांश मते पडली नाहीत.

टोकियो ऑलिंपिकच्या यजमानांनी सुचवल्यामुळे २०१६ मध्ये जो प्रवेश मंजूर झाला, तो त्या एका स्पर्धेपुरताच होता, याचा विसर चर्चेत हमखास पडतो. त्या स्पर्धेत, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी खेळाडू ४-१ असा आघाडीवर असताना त्याची लाथ इराणी प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याकडे गेली. प्रतिस्पर्धी जागीच बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले, आणि पंचांनी लाथ मारणाऱ्याला बाद ठरवून सुवर्णपदक बेशुद्ध खेळाडूला दिले. डोक्यावरच्या लाथेला सर्वाधिक, म्हणजे तीन गुण मिळतात. पण ती आवरून मारलेली असावी लागते. त्यामुळे नियमांच्या चौकटीत निर्णय बरोबर होता, असेच म्हणावे लागते. पडद्यासमोरच्या सामान्य प्रेक्षकाला मात्र मार खाऊन पडलेला विजेता कसा, हे उमगणे कठीण होते.

याच लढतीमुळे कराटे ऑलिंपिकमधून गेले, असे वारंवार लिहिले जाते. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. पॅरिसच्या २०२४ च्या स्पर्धेच्या आयोजकांनी आपल्या अतिरिक्त खेळांची यादी फेब्रुवारी २०१९ मध्येच जाहीर केली होती. तीत ब्रेकिंग, स्केटबोर्डिंग, क्लाइंबिंग आणि सर्फिंग होते, कराटे नव्हते. म्हणजे टोकियोतली पहिली लढत होण्याच्या सुमारे अडीच वर्षे आधीच, खेळ कसा दिसतो हे न पाहता, यजमानांनी त्याला वगळले होते. फ्रान्ससारख्या, कराटेची मोठी परंपरा असलेल्या देशात हे घडावे, हे संघटनेला अधिक झोंबले आणि त्यात वावगे काही नव्हते. अतिरिक्त खेळ यजमानांनी सुचवायचे, या पद्धतीत खेळाच्या जागतिक संघटनेच्या हाती विनवणीपलीकडे फारसे काही उरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या स्पर्धेसाठी क्रिकेट आणि स्क्वॉशसह पाच खेळ मंजूर झाले, तेव्हाही कराटे त्यांत नव्हते.